भावकूनं थांबवलेला पंखा

बसा अण्णा, बसा. एवढ्या उन्हाचं कुठं जातासा. बस याला अजून अर्धा तास हाय, आणि आली तरी भरूनच येणार. तवर तुमास्नी मुतग्याच्या भावकूची गोष्ट सांगतो. ह्या मर्दानं आभाळात उडणारं विमान खाली शेताच्या बांधावर हुबा ऱ्हाऊन बंद पाडलं. दगड न्हाय मारला, बंदूक न्हाय उडवली. नुसता क्यामेरा. हसू नका. बोरगावात जाऊन इचारा, निम्मी गल्ली आजबी तसंच सांगंल.

भावकू म्हंजे मुतगे गावात तीन रस्ते मिळत्यात त्या तिकटीवरचा फोटूवाला. पन्नाशी वलांडलेली, शाळा सातवीपतोर, आणि डोस्क्यात एक गोष्ट शिरली की ती भाईर काढायला बायकोलाबी जमत न्हाय. पोटापाण्याला आधारकार्डाचे फोटू, लग्नं, बारशी, आणि मयत माणसाचा जुना फोटू मोठा करून देणं. पण नाव झालं ते शर्यतीच्या फोटूनं. निपाणीकडं कुठंबी बैलगाडीची शर्यत असू दे, पोरं सांगायची, भावकाण्णाला बलवा. कारण त्येच्या फोटूत बैलाचा डोळा काचंगत लख्ख दिसायचा आणि गाडीचं चाक मातूर नुसता गोल धूर. दुसरे फोटूवाले काढायचे त्यात चाकाचा एक एक आरा मोजून घ्यावा. भावकू त्यास्नी हसायचा. म्हणायचा, "चाक थांबलं तर गाडी पळत्या का हुबी हाय, बघणाऱ्याला कसं कळायचं?"

ह्ये वाक्य ध्येनात ठेवा. पुढं ह्येच वाक्य त्येच्या टाळक्यात बसणार हाय.

क्यामेरा बारा वर्सांचा. मुठीजवळचं रबर सुटलं व्हतं, ते शेजारच्या यल्लाप्पा पंक्चरवाल्यानं आपल्या सुलेशननं चिकटवून दिलेलं. लेन्स तर अशी घट्ट झालती, की झूम करायचं म्हंजे पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी कपाटाचा कप्पा वढल्यागत. पण भावकूची काय तक्रार न्हवती. तक्रार सुरू झाली ती भाचीपायी.

भावकूची धाकटी भन जयाबाई, बोरगावला दिलेली. तिची एकुलती एक पोरगी आरोही. ही पोरगी बारावी झाली आणि म्हणाली, मला विमान चालवाय शिकायचंय. सांबऱ्याच्या विमानतळावर शिकवत्यात, आणि मामाचं घर तितनं हाकंवर. दाजी जयाबाईच्या शब्दाभाईर न्हाईत, आणि जयाबाईचा शब्द "न्हाय" असा व्हता. मग आरोहीनं मामाला मधी घातलं. मामानं भनीला फोन करून तासभर डोकं खाल्लं. शेवटी जयाबाई म्हणाली:

"भावका, मला त्यातलं काय कळत न्हाय. पर तुझा फोटू मला कळतो. ज्या दिवशी ती एकटी वर जाईल त्या दिवसाचा एक फोटू मला आणून दे. त्यात ती दिसाय पायजे, तिच्या तोंडावर भ्या नसाय पायजे, आणि मशीन नीट चालू असाय पायजे. एवढं दिसलं तर शिकू दे. न्हाय दिसलं तर माझी पोरगी मला परत."

भावकू म्हणाला, "त्यात काय, एक क्लिकचं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेला शेतात. त्येचं शेत विमान उतरतंय त्या वाटंच्या डाव्या अंगाला. कुंपणाजवळ फोटू काढायला बंदी, तसा बोर्डच हाय, म्हणून ह्यो आपल्या जोंधळ्याच्या बांधावर, लांब. शिकणाऱ्या पोरांची धाकटी पांढरी विमानं, म्होरं नाकावर एक पंखा, घूं घूं करत फेऱ्या मारत्यात. भावकूनं धडाधड फोटू काढलं, घरी येऊन कम्पुटरवर लावलं. बायकू नागुबाई भाकरी थापता थापता उठून आली.

"हे काय," म्हणाली, "काचंवर माशी बसल्यागत."

"विमान हाय ते."

"आणि आत माणूस?"

भावकूनं फोटू मोठा केला. आत माणूस सोडा, काच कुठली आणि पत्रा कुठला ते कळत न्हवतं. तितनं त्येच्या मागं साडेसाती लागली. काय तरी नवं घ्याला पायजे. गाठीला व्हतं ते एका वस्तूपुरतं. एक तर नवी बॉडी, म्हंजे क्यामेऱ्याचा मधला डबा, न्हायतर नवी लांब लेन्स. दोन्ही न्हाय. आता बॉडी का लेन्स?

अण्णा, ज्येला हे दुखणं झालं न्हाय त्यो सुखी. पोरीचं स्थळ बघताना माणूस एवढा फिरत न्हाय.

पयला सल्ला पोराचा. पोरगा स्वरूप, बेळगावात कम्पुटरच्या कंपनीत. त्यो म्हणाला, "आप्पा, बॉडीच. तुमची ही बॉडी झोपलेली हाय. नवी बॉडी स्वता विमान वळखती, धरून ठेवती. सेकंदाला वीस फोटू."

"वीस कशाला? मला एक पायजे."

"विसातला एक चांगला निघतो की."

"मग एकोणीस कशाला काढायचं?"

स्वरूपनं कपाळाला हात लावला आणि मोबाईलवर तक्ता करून दाखवला. हिकडं बॉडी, तिकडं लेन्स, हिरव्या खुणा, तांबड्या खुणा. सगळ्या मोजल्या तर सारख्याच भरल्या.

दुसरा सल्ला यल्लाप्पाचा. त्येला कुणी इचारलंबी न्हवतं. टायरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडं बघत म्हणाला, "लेन्स घे. टायर गेलं तर टायर बदलावं, गाडी बदलत न्हाईत." भावकूला हे पटलं. तसं यल्लाप्पा म्हणाला, "पर एक हाय. ती एवढी लांब नळी घिऊन विमानावर नेम धरून हुबा ऱ्हाशील, तर कोण तरी बघंल आणि थेट हिंडलग्याच्या जेलात मुक्काम. डबा नेऊन देईन मी, काळजी करू नको."

तिसरा सल्ला बेळगावच्या दुकानदाराचा, नागेंद्र त्येचं नाव. गोड माणूस, पर गोडीत काय पोट भरत न्हाय. पयल्या दिवशी म्हणाला, "नोड्री अण्णा, बघा, बॉडी आज नवी, दोन वर्सांनी जुनी. लेन्स म्हंजे जलमाची सोबत. डोळं झाकून लेन्स घ्या." आणि एक गिऱ्हाइकाची लेन्स हातात दिली. दुधाच्या किटलीएवढी. भावकूनं डोळ्याला लावली आणि रस्त्यापल्याडच्या माणसाच्या मिशीतला पांढरा केस बघून खूश झाला.

चार दिवसांनी ठरवून गेला, दे म्हणाला. नागेंद्र म्हणाला, "लेन्स संपली. याला आठ-पंधरा दिस लागतील. पर मी म्हणतो बॉडीच घ्या की. आता जमाना बॉडीचा."

"परवा काय म्हणालतास?"

"परवाचं परवा, अण्णा."

भावकू तसाच भाईर आला आणि तीन मैल चालत आल्यावर त्येच्या ध्येनात आलं, की गाडी दुकानासमोरच ऱ्हायली.

घरी आला तर नागुबाई म्हणाली, "मला इचाराल तर दोन्ही नको. झेरॉक्स मशीन आणा. गिऱ्हाईक रोज इचारून परत जातंय."

"तुला कोण इचारलंय?"

"न्हाय इचारत म्हणूनच म्हटलं, इचाराल तर."

रातच्याला त्यो मोबाईलवर हिंदीतले हुशार लोक बघत बसायचा. पाऊण तास बोलायचे, हे चांगलं, तेबी चांगलं, आणि शेवटी सगळ्यांचं एकच, तुमची गरज काय ते तुमी ठरवा. भावकू मोबाईलला म्हणायचा, "मुडद्या, तेच ठरंना म्हणून तर तुझ्याकडं आलतो." असं तीन आठवडं. लोकांनी दुकानात यायचं सोडलं. आधारकार्डाच्या फोटूला आलेल्या माणसालाबी ह्यो इचारायचा, बॉडी का लेन्स? एक म्हातारा म्हणाला, "मला नुसतं तोंड पायजे बाबा."

मग एका सांजंला आरोहीचा फोन आला.

"मामा, सर म्हणालेत, ह्या आठवड्यात माझं सोलो. म्हंजे एकटीचं उड्डाण."

"कवा? वार सांग."

"वार सांगत न्हाईत. मनाची तयारी दिसली की सर खाली उतरत्यात आणि म्हणत्यात, जा आता एकटी."

"हे काय झालं? बाराची बस सुद्धा येळ सांगून येती गं."

"बस तरी कुठं येळंवर येती, मामा?"

भावकूनं फोन ठिवला. लेन्स याला नागेंद्र अजून आठ दिसच सांगालता, बॉडी दुकानात हजर. भावकूनं दुसऱ्या दिवशी बॉडी उचलली. बघा, तीन आठवडं तक्तं, खुणा, भांडणं, आणि शेवटी ठरलं कशावर, तर नागेंद्राच्या कपाटात काय शिल्लक हाय त्यावर.

स्वरूपनं रात्री बसून सगळं जुळवून दिलं. जुनी घट्ट लेन्स नव्या बॉडीला बसवली. म्हणाला, "आप्पा, हात जोडतो, ह्या चकतीला हात लावायचा न्हाय. एका सेकंदाचे दोन हजार तुकडे केलेत, त्यातला एक तुकडा फोटूत येणार. काय हलणार न्हाय, काय फाकणार न्हाय. तुमी नुसतं दाबून धरा."

भावकू तीन सकाळी बांधावर जाऊन बसला. चौथ्या दिवशी, बेस्तरवारी, आठाच्या सुमाराला एक पांढरं विमान आलं. मोबाईल वाजला, आरोहीची मैत्रीण खालनं सांगालती, "अंकल, हीच, हीच." भावकूनं क्यामेरा वर केला आणि दाबून धरलं. विमान जोंधळ्यावरनं सर्रकन गेलं, उतरलं, आणि ह्येचं बोट मागनं सुटलं. तीनशे फोटू झालते. मग त्यो बांधावर बसला आणि डोळं पुसालता. धूळ गेली म्हणाला. दव पडलेल्या जोंधळ्यात धूळ कुठनं येणार, पर आपण कशाला इचारायचं.

फोटू मातूर काय आलता. आहाहा. स्वरूपनं मोठा केला, आणखी मोठा केला. विमानाच्या पत्र्यावरचे खिळे मोजावेत. शेपटीवरची अक्षरं वाचावीत. आणि काचंआड आरोही, कानावर ते हेडफोन, ओठ मिटलेलं, नजर म्होरं. भ्या औषधाला न्हाय. यल्लाप्पा आला, बघितला, म्हणाला, "बॉडी म्हंजे बॉडीच." त्येला लेन्सची आठवण करून दिली न्हाय कुणी. नागुबाईनं पोरीच्या फोटूवरनं कडाकडा बोटं मोडली. दरवाज्याएवढा मोठा फोटू काढला, काचंच्या चौकटीत बसवला, आणि शनवारी भावकू त्यो चादरीत गुंडाळून बसनं निपाणी, तितनं दुसऱ्या बसनं बोरगाव. वाटंत चौघांनी इचारलं, आरसा हाय काय? ह्येनं चारीदा चादर सोडून दाखवला.

जयाबाईच्या सोप्यात गल्लीतल्या बायका जमल्या. भावकूनं फोटू भितीला टेकवला आणि चादर वढली. बायकांनी "अगंबाई" म्हटलं. एक म्हातारी म्हणाली, "पोरगी कशी वाघिणीगत बसल्या बघ." भावकू कॉलर सारखी करालता. जयाबाई मातूर आत गेली. ती शिवणाचा चष्मा लावून आली, फोटूसमोर उकिडवी बसली, पयला पोरीच्या तोंडावरनं हात फिरवला. मग तिचं बोट म्होरं सरकलं, विमानाच्या नाकाकडं.

"भावका," म्हणाली, "ह्यो पंखा का थांबलाय?"

आता भावकूनं फोटू बघितला. दोन दिस बघत व्हता, पर तोंड बघत व्हता, खिळे बघत व्हता. पंखा आत्ता बघितला. दोन पाती, एक वर एक खाली, काळीभोर, पिवळ्या टोकाची, जशी दुकानात इकायला ठेवल्यात. दोन हजारातला एक तुकडा. त्या तुकड्यात पंख्यालाबी हलाय सवड मिळाली न्हवती.

"थांबलेला न्हाय," भावकू म्हणाला. "फिरतोय त्यो."

"मग पाती का दिसत्यात?"

"क्यामेरा लई जोरात हाय. नवा हाय."

जयाबाईनं वर बोट दाखवलं. सोप्यातला पंखा फिरत व्हता. "ह्येची पाती दिसत्यात काय तुला?"

"डोळ्याला न्हाय दिसत, क्यामेऱ्याला दिसत्यात."

"तुझ्या शर्यतीच्या फोटूत चाक फिरताना दिसतं. कपाटावर हाय बघ, दाजीच्या बैलांचा. जुन्या क्यामेऱ्यात फिरणारं चाक फिरतंय, आणि नव्या क्यामेऱ्यात फिरणारा पंखा थांबलाय. मग नवा घेतलास कशाला? का तूच म्हणत व्हतास न्हवं, चाक थांबलं तर गाडी हुबी हाय असं कळतं?"

बायका म्होरं सरकल्या. मघाची म्हातारी जवळ येऊन बघून म्हणाली, "बंदच हाय गं बाई."

"आज्जी, तुमी जरा थांबा," भावकू म्हणाला.

"मी थांबते बाबा, पर ते विमान थांबलंय त्येचं बघ."

भावकूनं समजावायला सुरवात केली. सेकंदाचे तुकडे, चकती, सेटिंग. जेवढं बोलंल तेवढं लोकास्नी वाटाय लागलं, काय तरी लपवतोय. शेवटी वैतागून आरोहीला फोन लावला, म्हणाला, तूच सांग तुझ्या आईला. जयाबाईनं इचारलं, "वर असताना पंखा बंद पडलता काय गं? खरं सांग." आणि ती पोरगी हसली. हसायची येळ व्हती काय ती? पोट धरून हसली. जयाबाईनं फोन ठिवला.

"हसण्यावारी न्हेत्या म्हंजे काय तरी झालंय. तुमी दोघांनी मिळून माझ्यापासनं लपवलंसा. बुधवारी येते, तिचे कपडे भरते आणि घिऊन येते."

"जये, आईची शप्पत..."

"आईला मधी आणू नको. तूच म्हटलंतास एक क्लिकचं काम. माझ्या तीन गोष्टी व्हत्या. दोन दिसल्या, तिसरी दिसली न्हाय. मी काय चुकीचं बोलते काय सांग."

चुकीचं कायबी न्हवतं. भावकूला सगळ्यात जास्त राग त्येचाच आला. च्या न पिता निघाला. फोटू परत चादरीत. बसमधी यावेळी कुणी इचारलं तर म्हणाला, आरसा हाय.

बेळगावात उतरून, मुतग्याला पोचस्तवर दिवस मावळला. यल्लाप्पा दुकान बंद करत व्हता. भावकूला बघून धावत आला.

"काय रं, पोरगी बरी हाय न्हवं?"

"का?"

"न्हाय, विमान वरच्या वर बंद पडलं म्हणं. निपाणीच्या पावण्याचा फोन आलता. जोंधळ्यात उतरवलं म्हणं तिनं. तुझंच शेत म्हणं."

भावकूनं चौकट भितीला टेकवली आणि यल्लाप्पाच्या जुन्या टायरवर बसून डोकं धरलं. त्येच्या आधी त्येची बातमी मुतग्याला पोचलती, तेबी पीक आडवं करून.

आता सल्ले नव्यानं सुरू. नागेंद्र फोनवर म्हणाला, "मी म्हणालतो की अण्णा, लेन्स घ्या." स्वरूप म्हणाला, "आप्पा, सोपं हाय, चकती सेकंदाच्या सव्वाशे तुकड्यांवर फिरवा, पंखा धूर दिसंल." बोलायला सोपं. सोमवारी सकाळी भावकूनं चकती फिरवली, क्यामेरा धरला, आणि पंख्याबरोबर विमान, पोरगी, आभाळ सगळ्याचाच धूर झाला. अंगणात शेणसडा मारल्यागत फोटू. मंगळवारी तेच. नवी बॉडी हलकी, हातात असल्यागत वाटंना. आत बघावं तर काच न्हाय, इवलासा टीव्ही, आणि विमान पुढं गेल्यावर टीव्हीत दिसालतं. बारा वर्सं ज्या हातानं पळती बैलं धरली, त्यो हात ह्या नव्या डब्यात आंधळा झालता.

मंगळवारी रात्री त्यो जेवला न्हाय. नागुबाईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकलं. तिसऱ्यांदा ती आतनं जुना क्यामेरा घिऊन आली आणि ताटाच्या जागी ठिवला.

"मला त्यातलं कळत न्हाय," म्हणाली, "पर बैलं कशानं धरतासा?"

"ह्येनं विमान माशीगत दिसतंय. तूच म्हणालतीस."

"माशीगत तर माशीगत. माशी तरी उडताना दिसंल. आणि त्या नव्यावर रागवू नका. घरात नवी सून आली तर तिलाबी चूल कळाय चार महिनं लागत्यात. जेवा आता, न्हायतर मी क्यामेराच वाढते."

भावकू जेवला.

बुधवारी सकाळी जुनी बॉडी घेतली, लेन्स परत तिला लावली. मुठीचं रबर अंगठ्याला लागलं आणि हात आपल्या जागी बसला. ह्यावेळी त्यो आपल्या बांधावर थांबला न्हाय. चुलतभावाच्या हरभऱ्यात गेला, तितं विमान आणखी खाली येतंय. शर्यतीत हुबा ऱ्हातो तसा हुबा ऱ्हायला. पाय फाकवून, कोपरं बरगडीला चिकटवून, कंबर ढिली. बैलं येताना त्यो आधी लांबनं त्यांच्या डोळ्यावर नजर लावायचा आणि कमरेतनं त्यांच्याबरोबर वळत जायचा, श्वास धरून, गाडी पुढनं गेली तरी वळतच. तसंच केलं. आरोहीच्या सहा फेऱ्या झाल्या. सहा येळा त्यो कमरेतनं वळला. एका फेरीला एक क्लिक, कवा दोन. सेकंदाला वीस न्हाय.

घरी येऊन बघितलं. पाच फेऱ्या वाया. सहावीचा एक फोटू. मागं हरभरा आणि झाडं आडवी वढल्यागत हिरवी रेघ. रेघंवर पांढरं विमान. आणि नाकावर, अण्णा, गोल धूर. बैलगाडीच्या चाकासारखा, नुसता गोल धूर.

हातभर कागदावर काढला. शाई वाळायची हाय तवर दुकानाच्या पायरीवर जयाबाई. बोरगावनं पयली बस धरून आलती. हातात मोकळी पिशवी, पोरीचे कपडे भरायची.

भावकू बाजूला सरला. ह्यावेळी एक शब्द बोलायचा न्हाय असं नागुबाईनं बजावलं व्हतं. दोन्ही फोटू टेबलावर ठिवलं. जयाबाईनं चष्मा लावला. दाराशी यल्लाप्पा, हातात पाना तसाच.

जयाबाईनं नवा कागद उचलला. "ह्यात पंखा फिरतोय."

भावकूनं मान हलवली.

"पर ह्यात तोंड कुठं हाय?"

तोंड न्हवतं. काचंआड एक डोकं व्हतं, कानावर हेडफोन व्हते, पर नाक डोळं पुसल्यागत. जुन्या बॉडीचा जीव तेवढाच.

जयाबाईनं एकदा हिकडं बघितलं, एकदा तिकडं. "तोंड हाय तितं पंखा न्हाय. पंखा हाय तितं तोंड न्हाय. भावका, ही माझीच पोरगी कशावरनं? दुसऱ्याच कुणाला तरी बसवून फोटू काढला असशील तू."

भावकूचं तोंड उघडलं. बारा वर्सांचा क्यामेरा, तीन आठवडं, तीनशे फोटू, बस, चौकट, जोंधळा, सगळं एकदम भाईर पडणार व्हतं. नागुबाईनं मागनं त्येचा सदरा वढला. तोंड मिटलं.

जयाबाई कागद उजेडाला घिऊन गेली, दारात. यल्लाप्पा बाजूला सरकला. लई येळ बघत व्हती. मग तिचं बोट काचंआडच्या त्या पुसट डोक्यावर थांबलं.

"ही मान," म्हणाली.

"काय झालं मानंला?" भावकूला ऱ्हावलं न्हाय.

"डावीकडं कलल्या." ती पायरीवरच बसली. "चार वर्सांची असल्यापासनं मला सुईत दोरा ओवून देती. माझे डोळं आधीच अधू. ओवायला बसली की अशी मान कलायची, डाव्या खांद्यावर. मी म्हणायची, मान मोडंल गं, सरळ बस. सरळ बसली की दोरा जायचा न्हाय." तिनं चौकटीतला मोठा फोटू वळून बघितला. "त्यात मान ताठ हाय. पयल्यांदा एकटी व्हती न्हवं. भ्यालती. तोंडावर दाखवलं न्हाय, पर ताठ झालती. ह्यात न्हाय. ह्यात दोरा ओवालिया."

 यल्लाप्पाच्या हातातला पाना खाली पडला, त्यो त्येनं पायानं बाजूला सारला.

"मग?" भावकू म्हणाला. "कपडे भरायचे का?"

जयाबाईनं कागदाची गुंडाळी केली आणि मोकळ्या पिशवीत घातली. "कपडे कशाला. तिला म्हणावं, दर आठवड्याला फोन करायचा. आणि मी पंख्याचं इचारलं तर हसायचं न्हाय." मग चौकटीकडं हात केला. "ह्यो ठेव तुझ्याकडं. पर भितीकडं तोंड करून ठेव. थांबलेला पंखा रोज कोण बघायचा."

एवढं बोलून ती नागुबाईच्या मागनं आत जेवाय गेली.

त्यो फोटू आजबी दुकानात हाय, पाठमोरा. गिऱ्हाईक इचारतंय, उलटा का? भावकू म्हणतो, आरसा हाय, फुटलाय.

आता मी हे सगळं तुमास्नी का सांगितलं, तर तुमच्या गळ्यात क्यामेऱ्याची पिशवी दिसली. बस मुतग्याच्या तिकटीवर थांबती, आणि भावकू दारातच बसलेला असतो. पिशवी बघून त्यो तुमास्नी आत बलवणार, च्या सांगणार, आणि मग हळूच इचारणार, "अण्णा, आता लेन्स घेऊ काय?" नागेंद्राकडं आल्यात म्हणं लेन्सी. तर माझं एवढं ऐका. च्या प्या, बिस्कीट खावा, पोरीची चौकशी करा. पर त्येला काय घे म्हणू नका, आणि काय घेऊ नको असंबी म्हणू नका.